संकेतस्थळे आणि संगणकीय प्रतिनिधी : वाचनाची सोय, व्यवहाराची शिस्त

शासनाचे संकेतस्थळ हे आज शासकीय कार्यालयाचे पहिले दार झाले आहे. योजनेची माहिती, अर्जाचा नमुना, सातबाऱ्याचा उतारा, निविदेची सूचना, परीक्षेचा निकाल या साऱ्यांसाठी नागरिक प्रथम संकेतस्थळाकडे वळतो. ही संकेतस्थळे उभारताना एक गोष्ट गृहीत धरली गेली होती. पडद्यासमोर एक माणूस बसलेला असेल, तो डोळ्यांनी वाचील, मनाशी अर्थ लावील आणि स्वतःच्या हाताने बटण दाबील. हे गृहीत आता पूर्णपणे खरे राहिलेले नाही. नागरिकाने सांगितलेले काम त्याच्या वतीने करणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने संकेतस्थळांवर येऊ लागली आहेत. ती माहिती वाचतात, तुलना करतात, अर्ज भरतात आणि परवानगी असल्यास पैसेही भरतात. अशा साधनाला या लेखात संगणकीय प्रतिनिधी म्हटले आहे.

या नव्या अभ्यागताचे स्वागत कसे करावे, त्याला कोठवर येऊ द्यावे आणि त्याच्या हातून चूक झाल्यास उत्तर कोणी द्यावे, हे प्रश्न केवळ संगणक तज्ज्ञांचे नाहीत. संकेतस्थळावर कोणता मजकूर जावा हे ठरविणारा अधिकारी, विद्यार्थ्यांचे अर्ज भरून घेणारा शिक्षक आणि गावातील लाभार्थ्यांच्या याद्या तपासणारा पंचायत सदस्य या सर्वांशी त्यांचा थेट संबंध आहे.

प्रतिनिधी नवा, प्रथा जुनी

दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. बाजार समितीत शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या, जमिनीच्या व्यवहारासाठी कुलमुखत्यारपत्र घेतलेला मुखत्यार, तहसील कचेरीच्या आवारात बसून अर्ज लिहून देणारा अर्जनवीस आणि अलीकडच्या काळातील आपले सरकार सेवा केंद्राचा चालक, ही सारी प्रतिनिधित्वाचीच रूपे होत. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात कलम १८२ पासून पुढे या नात्याचा सविस्तर विचार केलेला आहे. प्रतिनिधी कोण, त्याला किती अधिकार, त्याने केलेल्या व्यवहाराने कोण बांधला जातो, हे त्यात सांगितले आहे. बोलीत मात्र ‘एजंट’ हा शब्द उच्चारताच कचेरीबाहेरचा मध्यस्थ डोळ्यांसमोर येतो आणि थोडी शंकाही मनात येते. ती शंका सर्वस्वी अनाठायी नाही. प्रतिनिधी उपयोगी ठरतो तो त्याच्या अधिकाराला मर्यादा असतात तेव्हाच.

शोधयंत्रांचे संगणक पूर्वीपासून संकेतस्थळे वाचीत आले आहेत. पण ते पान वाचून त्याची नोंद ठेवतात आणि निघून जातात. संगणकीय प्रतिनिधी एका विशिष्ट माणसाचे विशिष्ट काम घेऊन येतो. ओपनएआय या अमेरिकन कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये ‘ऑपरेटर’ नावाचा असा प्रतिनिधी बाजारात आणला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अशा साधनांनी खरेदी आणि पैशाचा भरणा कसा करावा याविषयीचे दोन नियमसंच जाहीर झाले. त्यांपैकी एक ओपनएआय आणि स्ट्राइप या कंपन्यांनी मिळून केलेला होता, तर दुसरा गूगलने.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा आहे. तिने आपल्या मोबाइलमधील प्रतिनिधीला सांगितले की, दाखल्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात ते पाहा, अर्ज तयार कर आणि मुदत जवळ आली की आठवण दे. प्रतिनिधी संकेतस्थळावर गेला. तेथे कागदपत्रांची यादी एका छायाचित्रात होती, मुदतीची तारीख एका सरकत्या ओळीत होती आणि त्याच सेवेचे जुने परिपत्रकही कोठे ‘रद्द’ असा शेरा न मारता तसेच पडून होते. प्रतिनिधीने जुने परिपत्रक खरे मानले, तर त्या मुलीचे एक वर्ष पणाला लागते. माणूसही येथे फसला असता. तथापि माणूस निदान कचेरीत दूरध्वनी करून विचारतो. यंत्र मात्र मिळालेल्या माहितीवर आत्मविश्वासाने पुढे जाण्याचा संभव अधिक.

यंत्र पान कसे वाचते

संगणकीय प्रतिनिधी संकेतस्थळाचे पान मुख्यतः तीन रीतींनी वाचतो. पहिली रीत पानामागील मूळ मजकूर वाचण्याची. त्यात शीर्षक, परिच्छेद, तक्ता, दुवा यांच्या खुणा नीट घातलेल्या असतील तर अर्थ लवकर लागतो. दुसरी रीत म्हणजे ब्राउझरने दृष्टिहीन व्यक्तींच्या वाचन-साधनांसाठी तयार केलेला पानाचा आराखडा पाहण्याची. या आराखड्यात हे बटण आहे, हा रकाना आहे, या रकान्याचे नाव अमुक आहे अशी नोंद असते. तिसरी रीत पडद्याचे चित्र घेऊन त्यावरून अंदाज बांधण्याची. ही रीत सर्वांत खर्चिक आहे आणि तीत चुकीची शक्यताही अधिक असते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. दृष्टिहीन नागरिकासाठी जे संकेतस्थळ सुगम आहे, तेच यंत्रालाही सुगम ठरते. ज्या बटणावर केवळ चित्र आहे आणि नाव नाही, ते अंध नागरिकाच्या वाचन-साधनाला जसे मुके वाटते तसेच ते संगणकीय प्रतिनिधीलाही वाटते. म्हणून या कामासाठी वेगळा मार्ग शोधण्यापूर्वी आधीच घालून दिलेला मार्ग धरणे शहाणपणाचे होईल. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. जे काम हक्क म्हणून करणे प्राप्तच आहे, त्याचा दुसरा लाभ यंत्रांनाही होतो, असा हा हिशेब आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे माहितीला यंत्राला कळेल असे लेबल लावणे. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामायिक शब्दसंग्रह सुरू केला. त्यात शासकीय सेवा, कार्यालय, पत्ता, कामकाजाची वेळ, शुल्क अशा बाबींसाठी ठरीव नावे आहेत. ही नावे पानामागे लिहिली की, ‘३३’ हा आकडा शुल्काचा आहे की दिवसांचा, हे यंत्राला अंदाजाने ठरवावे लागत नाही. संगणकीय प्रतिनिधींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक मजकूर ठेवावा, अशी सूचना जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये केली. तसेच प्रतिनिधी आणि माहितीसाठे यांना जोडणारा एक खुला नियमसंच अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील संस्थेकडे सोपविण्यात आला. या साधनांची माहिती असावी. पण पाया कच्चा असताना कळस चढविण्याची घाई करू नये.

मराठी मजकुराचे खास प्रश्न

मराठी संकेतस्थळांपुढे काही अडचणी अशा आहेत की, ज्या इंग्रजी संकेतस्थळांना सहसा भेडसावत नाहीत. पहिली अडचण जुन्या टंकांची. देवनागरी लिपी युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत समाविष्ट झाली. परंतु त्यानंतरही अनेक वर्षे कार्यालयांत असे टंक वापरले गेले की, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. पडद्यावर ‘ग्रामपंचायत’ दिसे, पण संगणकाच्या साठ्यात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक ओळ असे. असा दस्तऐवज माणसाला वाचता येतो, पण यंत्राच्या शोधात तो कधीच सापडत नाही. कागदाचे छायाचित्र घेऊन चढविलेली परिपत्रके ही याचीच दुसरी बाजू होय. तेथे तर साठ्यात अक्षरच नसते.

दुसरी अडचण एकाच शब्दाच्या दोन नोंदींची. ‘कऱ्हाड’ किंवा ‘वऱ्हाड’ या शब्दांतील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित करता येतो. ‘ॲ’ हे अक्षरही एकसंध लिहिता येते किंवा ‘अ’वर चंद्र चढवून लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द ठरतात. एका खात्याने एक पद्धत धरली आणि दुसऱ्याने दुसरी, तर एकाच गावाची दोन गावे होतात. यावर उपाय म्हणजे संपूर्ण खात्यासाठी एकच पद्धत ठरविणे आणि शोधाच्या वेळी दोन्ही रूपे एकच मानण्याची व्यवस्था करणे.

तिसरी अडचण आकडे, तारखा आणि एकके यांची. ०३/०४/२०२६ ही तारीख आपण ३ एप्रिल अशी वाचतो, तर अमेरिकन वळणाने ती ४ मार्च होते. म्हणून दृश्य मजकुरात ‘३ एप्रिल २०२६’ असे अक्षरी महिन्यासह लिहावे आणि पानामागे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार नोंद ठेवावी. जमिनीचे क्षेत्र सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर यांत असते, पण शेतकरी बोलतो एकर आणि गुंठ्यांत. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो आणि दोन एकर म्हणजे सुमारे ०.८१ हेक्टर. रकान्यापुढे नुसते ‘क्षेत्र’ असे लिहिले आणि प्रतिनिधीने त्यात २ हा आकडा भरला, तर शेतकऱ्याची जमीन कागदावर जवळजवळ अडीचपट होते. अशी चूक लहान दिसते, पण अनुदानाच्या यादीतून नाव वगळले जाण्यास ती पुरेशी असते.

चौथी अडचण नावांची. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या कागदपत्रांत जुनी नावे राहणारच. शिवाय एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत आढळतात. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हा, तालुका, गाव आणि ग्रामपंचायत यांना स्वतंत्र सांकेतिक क्रमांक दिलेले आहेत. नावाबरोबर हा क्रमांक नोंदविल्यास नाव बदलले तरी गाव हरवत नाही.

वाचणे वेगळे, करणे वेगळे

यंत्राने पान वाचल्याने कोणाचे काही बिघडत नाही. यंत्राने अर्ज दाखल केला, रद्द केला किंवा पैसे भरले, तर मात्र बिघडू शकते. म्हणून संकेतस्थळाच्या रचनेत वाचन आणि व्यवहार यांच्यामध्ये स्पष्ट उंबरठा असला पाहिजे.

हा धडा जुना आहे. मे २००५ मध्ये गूगलने ‘वेब ॲक्सलरेटर’ नावाचे एक साधन प्रसिद्ध केले. वाचक ज्या पानावर आहे त्यातील दुवे आधीच उघडून ठेवायचे, म्हणजे पुढचे पान लवकर दिसेल, अशी त्याची योजना होती. परंतु काही संकेतस्थळांवर ‘काढून टाका’ ही क्रियासुद्धा साध्या दुव्यावर ठेवलेली होती. साधनाने तेही दुवे उघडले आणि वापरकर्त्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या. साधनाने केवळ दुवा उघडला होता. दोष होता तो वाचनाच्या दारातून व्यवहार होऊ देणाऱ्या रचनेचा. संकेतस्थळांच्या मूळ तांत्रिक नियमांत माहिती मागविण्याची विनंती आणि नोंद बदलण्याची विनंती यांत फरक केलेला आहे आणि पहिलीमुळे कोणताही बदल घडू नये असा संकेत आहे. आपल्या संकेतस्थळावर तो पाळला जातो की नाही, हे प्रत्येक खात्याने आपल्या पुरवठादाराला विचारले पाहिजे.

व्यवहाराच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, अर्ज दाखल होण्यापूर्वी त्याचा मसुदा एकाच पानावर पूर्ण दिसावा आणि शेवटची संमती नागरिकाने स्वतः द्यावी. प्रतिनिधीने रकाने भरावेत, सही मात्र माणसाची असावी. दुसरी गोष्ट म्हणजे एकच विनंती दोनदा आली तरी व्यवहार एकदाच व्हावा. खेड्यापाड्यांत संपर्क मध्येच तुटतो, पैसे गेले पण पोच आली नाही असा अनुभव अनेकांना असतो. माणूस अशा वेळी थांबतो. यंत्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक अर्जाला आरंभीच क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाची विनंती पुन्हा आल्यास नवा अर्ज न घेता जुनीच पोच परत द्यावी. तिसरी गोष्ट चुकीचा निरोप स्पष्ट असण्याची. ‘काहीतरी चुकले आहे’ या वाक्याने माणसाचेही समाधान होत नाही. ‘पिन कोड सहा अंकी असावा’ असे सांगितले तर माणूस आणि यंत्र दोघेही चूक सुधारू शकतात.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि ती न मिळाल्यास अपिलाची सोय आहे. मुदत मोजली जाते ती अर्ज दाखल झाल्यापासून. म्हणून अर्ज क्रमांक आणि दिनांक असलेली पोच थेट नागरिकाच्या हाती पडणे हे अत्यंत महत्त्वाचे आहे. ती केवळ प्रतिनिधीच्या साठ्यात राहिली, तर नागरिकाचा हक्क दुसऱ्याच्या खिशात राहिल्यासारखे होईल.

ओळख, परवानगी आणि मर्यादा

यंत्रांनी कोणती पाने वाचू नयेत हे सांगणारी सूचना-फाईल संकेतस्थळावर ठेवण्याची पद्धत मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचविली आणि २०२२ मध्ये तिला अधिकृत प्रमाणाचे स्वरूप मिळाले. तथापि ही सूचना म्हणजे दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य यंत्रे ती पाळतात, इतर पाळतीलच असे नाही. जे गोपनीय आहे त्याला खरे कुलूपच लावावे लागते.

वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याच्या किंवा चित्रांतील वाहने निवडण्याच्या कोड्यांवर आता फार विसंबता येणार नाही. स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिक या संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये, अशी चित्रकोडी यंत्राला पूर्णपणे सोडविता येतात, हे दाखवून दिले. म्हणजे ही कोडी यंत्राला अडवीत नाहीत. अडवितात ती वयोवृद्धांना आणि दृष्टिहीनांना. तेव्हा ‘तू यंत्र आहेस की माणूस’ या प्रश्नापेक्षा ‘तू कोणाच्या वतीने आणि किती अधिकाराने आला आहेस’ हा प्रश्न विचारणारी व्यवस्था अधिक उपयोगी ठरेल.

अशा मर्यादित परवानगीचा नमुना आपल्या देशातच तयार आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये खाते-संकलकांसंबंधी निदेश काढले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. तीत ग्राहक आपली बँकविषयक माहिती दुसऱ्या संस्थेला देण्यास संमती देतो. पण त्या संमतीत कोणती माहिती, कोणाला, कशासाठी आणि किती काळ हे नमूद असते आणि ती मागे घेता येते. संगणकीय प्रतिनिधीला द्यावयाचे मुखत्यारपत्रही असेच असावे. ‘माझ्या वतीने सर्व काही कर’ अशी मोघम परवानगी नसावी. ‘उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज तयार कर, ही परवानगी सात दिवस, पैसे भरण्याचा अधिकार नाही’ अशी नेमकी असावी. आणि मोबाइलवर आलेला एकवेळचा सांकेतांक कोणत्याही मध्यस्थाला देऊ नये, मग तो माणूस असो वा यंत्र, ही शिकवण शाळांतून आणि ग्रामसभांतून पुनःपुन्हा दिली पाहिजे.

उत्तरदायी कोण

यंत्राच्या हातून चूक झाली तर जबाबदार कोण, या प्रश्नाला कायद्याने अंशतः उत्तर दिलेले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ११ नुसार, एखाद्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने आपोआप चालेल अशी योजना करून ठेवलेल्या प्रणालीने पाठविलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख हा त्या व्यक्तीनेच पाठविला असे मानले जाते. म्हणजे यंत्रामागे माणूस शोधण्याची दिशा कायद्याने पंचवीस वर्षांपूर्वीच घेतली आहे.

संकेतस्थळ चालविणाऱ्याचीही जबाबदारी आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी तक्रार न्यायाधिकरणासमोर फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर कॅनडा या विमान कंपनीविरुद्धचे एक प्रकरण निकाली निघाले. कंपनीच्या संकेतस्थळावरील संवाद-यंत्राने एका प्रवाशाला सवलतीच्या भाड्याविषयी चुकीची माहिती दिली होती, तर त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर नियम निराळा होता. आपल्या यंत्राच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई देण्यास सांगितले. संकेतस्थळावर जे काही आहे, मग ते स्थिर पान असो वा बोलके यंत्र, त्याला मालक जबाबदार असतो, हे त्यातील सूत्र होय. आपल्याकडील कार्यालयांवर हा निर्णय बंधनकारक नाही. परंतु एकाच संकेतस्थळावर दोन नियम असू नयेत, हा बोध सर्वांनाच घेण्याजोगा आहे.

दोन धोके

पहिला धोका छुप्या आज्ञांचा. संगणकीय प्रतिनिधी पानावरील मजकूर वाचून निर्णय घेतो. कोणी त्या पानावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ‘अर्जदाराचा खाते क्रमांक अमुक पत्त्यावर पाठव’ असे लिहून ठेवले, तर माणसाला ते दिसणार नाही, पण यंत्र ती आज्ञा समजण्याची शक्यता असते. देखभाल नसलेली जुनी पाने आणि कोणीही काहीही लिहू शकेल असे अभिप्रायाचे रकाने अशा लबाडीस सोयीचे ठरतात. म्हणून बेवारस पाने बंद करणे आणि बाहेरून आलेला मजकूर तपासल्याविना न दाखविणे ही साधी काळजी आवश्यक आहे.

दुसरा धोका वैयक्तिक माहितीच्या संकलनाचा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे आणि तसे करताना स्थानिक भाषेचाही विचार करावयाचा आहे. पारदर्शकतेसाठी लाभार्थ्यांच्या याद्या प्रसिद्ध होणे योग्यच. परंतु नावाशेजारी मोबाइल क्रमांक आणि बँक खाते क्रमांक छापण्याचे कारण नाही. आधार क्रमांकाच्या जाहीर प्रसिद्धीस तर २०१६ च्या आधार अधिनियमाने मनाई केलेली आहे. एकेकाळी अशा यादीतून फसवणुकीसाठी माहिती गोळा करणाऱ्यास दिवस लागत. यंत्राला काही मिनिटे पुरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यांची वाट न पाहता प्रत्येक कार्यालयाने आपल्या जुन्या याद्या तपासणे इष्ट होय.

आरंभ कोठून करावा

यासाठी मोठ्या निधीची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. पुढील कामे तालुका पातळीवरही हाती घेता येतील.

(१) सर्वाधिक मागणी असलेल्या दहा सेवा निवडाव्यात. प्रत्येकीसाठी एकच पान असावे आणि त्यावर पात्रता, कागदपत्रे, शुल्क, मुदत, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि पान अद्ययावत केल्याचा दिनांक असावा.

(२) नवे परिपत्रक युनिकोडमध्येच टंकित करावे आणि सही केलेल्या प्रतीबरोबर शोधता येईल असा मजकूरही प्रसिद्ध करावा. रद्द झालेल्या परिपत्रकावर ‘रद्द’ असा शेरा आणि नव्याचा दुवा द्यावा.

(३) प्रत्येक रकान्याला नाव, एकक आणि एक नमुना उत्तर द्यावे. तारीख, गाव आणि क्षेत्र यांच्या नोंदींची पद्धत ठरवून घ्यावी.

(४) डोळे मिटून वाचन-साधनाच्या आधारे आणि केवळ कळफलक वापरून एक अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. ‘एनव्हीडीए’ हे वाचन-साधन विनामूल्य मिळते. परिसरातील एखाद्या दृष्टिहीन शिक्षकाला या चाचणीस बोलाविल्यास उणिवा लगेच समोर येतील.

(५) संकेतस्थळाच्या कंत्राटात वाचन आणि व्यवहार यांची फारकत, दुबार अर्जास प्रतिबंध आणि प्रतिनिधीमार्फत आलेल्या व्यवहारांची स्वतंत्र नोंद या अटी घालाव्यात.

(६) वारंवार मागितली जाणारी आकडेवारी तक्त्याच्या स्वरूपात एकत्र प्रसिद्ध करावी, म्हणजे यंत्रांना पान-पान चाळावे लागणार नाही आणि संकेतस्थळावरील ताणही कमी होईल. भारत सरकारचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ २०१२ पासून याच तत्त्वावर चालत आहे.

शिक्षकांनी ही बाब वर्गात नेण्यासारखी आहे. शाळेच्या सूचना फलकावरील एखादी सूचना घेऊन, ‘जो आपल्या गावचा नाही आणि ज्याला विचारण्याची सोय नाही, त्याला ही कळेल काय?’ असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. त्यांनी ती सूचना पुन्हा लिहून काढावी. कोण, काय, कोठे, केव्हापर्यंत या चार प्रश्नांची उत्तरे ज्या मजकुरात आहेत, तो माणसाला कळतो आणि यंत्रालाही कळतो.

खिडकी उघडीच राहावी

संगणकीय प्रतिनिधी ज्याच्याजवळ आहे त्याचा अर्ज पहिल्या मिनिटाला पोहोचेल आणि ज्याच्याजवळ नाही तो रांगेत मागे राहील, अशी स्थिती निर्माण होता कामा नये. मर्यादित जागा किंवा मर्यादित निधी असलेल्या योजनांत ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ हा नियम यंत्रांच्या युगात न्याय्य ठरेल काय, याचा विचार धोरण ठरविणाऱ्यांनी करावयास हवा. ठरावीक मुदतीत आलेल्या सर्व अर्जांची एकत्र छाननी करणे किंवा सोडत काढणे हे पर्याय आपल्या परिचयाचे आहेत.

त्याचप्रमाणे कचेरीची खिडकी, सेवा केंद्राचा चालक, गावातील ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकणार नाही. ज्याला लिहिता येत नाही, ज्याच्याकडे मोबाइल नाही, ज्याची अडचण कोणत्याच रकान्यात बसत नाही, त्याला माणूसच लागतो. यंत्रांनी साधी कामे हलकी केली, तर अशा नागरिकाचे म्हणणे ऐकून घेण्यास कर्मचाऱ्यांना अधिक वेळ मिळेल. त्या वेळेचा उपयोग त्याच कामासाठी झाला पाहिजे.

माहिती स्वच्छ शब्दांत सर्वांना खुली ठेवणे, व्यवहार नागरिकाच्या स्पष्ट संमतीशिवाय होऊ न देणे आणि प्रत्येक निर्णयामागे नाव-पदासह माणूस उभा असणे, ही त्रिसूत्री पाळली गेल्यास संगणकीय प्रतिनिधीचे आगमन हे आपल्या प्रशासनाला संकट न वाटता साहाय्यच ठरेल.